घसारा

किर्दीतली पहिली नोंद माझ्या हातची.
जुनी तबकडी एक, व्यास पाच मीटर, गंज धरलेली.
कुंपणाची तार, कारण मेंढ्या येऊन अंग घासतात.
रॉकेलचा हीटर. चहा. दूध.
जागा: हेल्स्टनच्या दक्षिणेला, कोंबड्यांची रिकामी शेड,
जिथे कोंबड्या जाऊन वर्ष झालं तरी पिसं उडायची
आणि नेमकी डेन्झिल नॅनकेर्व्हिसच्या कपात पडायची.
तो ती बोटाने काढून प्यायचा.
माझं कुंभोजकर त्याला कधी जमलं नाही.
मिसेस के, तो म्हणायचा, लिहून ठेवा, वाढणार आपण.
मी लिहून ठेवलं नाही. त्यासाठी खातं नव्हतं.

पहिलं गिऱ्हाईक न्यूलिनची बोट, मालक जोएल पेंगेली.
तो समुद्रावरून बोलायचा, विनिफ्रेड स्वयंपाकघरातून.
शब्द वर जाऊन खाली यायला वेळ लागतो,
उत्तरासकट अर्धा सेकंद.
तेवढ्यात दुसरा बोलायला लागायचा,
मग दोघंही एकदम गप्प,
तू बोल, नाही, तू.
त्या गप्प बसण्याचेही पैसे आम्ही लावत होतो.
दर महिन्याला ती स्वतः यायची बिल भरायला,
माशांचा वास लागलेल्या नोटा, सोबत केशराचा बन.
केशर मला फक्त श्रीखंडातलं माहीत.
पावती तिने कधी मागितली नाही.

मग तेलाचा तराफा आला, मग फेऱ्या करणारं जहाज,
एक बँक, आणि एक सरकारी खातं,
ज्याचं नाव मी सांगितल्याप्रमाणे 'इतर' असं लिहिलं.
पावसानंतर कुत्र्याच्या छत्र्या उगवाव्यात
तशा माळावर तबकड्या:
तीन, सात, अकरा.
मेंढ्या विकल्या गेल्या. शेडच्या जागी काच आली.
काचेला पिसं चिकटत नाहीत.

आणि एका मार्चमध्ये स्वतःचा उपग्रह.
विम्याचा हप्ता लिहिताना मी दोनदा शून्यं मोजली.
छत्तीस हजार किलोमीटरवर आपल्या मालकीचं काहीतरी,
आणि इथे मी पेन धरून बसलेली:
स्थावर लिहू की जंगम?
डेन्झिल म्हणाला, तो उभा दिसतो, उभा नाही.
सारखा पडतोय. जमीन वळून जाते, म्हणून पोचत नाही.
मी जंगम लिहिलं.
आयुष्य पंधरा वर्षं. घसारा, सरळ रेषेने.
त्या वर्षी मीही पन्नाशीची झाले,
माझी रेषा काही सरळ नव्हती.

कचेरी रेडिंगला गेली. आम्ही दोघं-तिघं मागे राहिलो
तबकड्यांना सोबत म्हणून.
रेडिंगहून एक मुलगा आला, बूट चिखलात जाऊ नयेत म्हणून
गाडीतूनच बोलायचा.
प्रत्येक गिऱ्हाइकामागे किती येतं, त्याने विचारलं,
आणि सगळ्यात खालच्या ओळीवर बोट ठेवलं.
क्रमांक एक.
नवं किमान शुल्क जुन्याच्या नऊपट.
पत्राचा मसुदा मीच केला. आपल्या दीर्घ साथीबद्दल,
असं काहीतरी. सही डेन्झिलची,
तो त्या दिवशी कपात बघत बसला होता,
कपात काही नव्हतं.

विनिफ्रेड आली शेवटचं भरायला.
नोटा मोजल्या, वर सुट्टी नाणी, पेनीपर्यंत बरोबर.
बन नव्हता.
पावती हवी, म्हणाली.
मी लिहिली. आमच्यात तेव्हाही
अर्धा सेकंद होताच, थोडा जास्तच.

पंधराच्या ऐवजी सोळा वर्षं चालला उपग्रह.
उरलेल्या इंधनावर त्याला तीनशे किलोमीटर आणखी वर ढकलला,
जिथे निकामी झालेले फिरत राहतात, कुणाच्या वाटेत न येता.
खात्यात शून्य घालायचं होतं. हात गेला नाही.
किंमत एक पौंड ठेवली.

यंदाच्या ऑडिटरने त्या ओळीला लाल खूण केली.
तरुण मुलगी, नीटस अक्षर.
ही वस्तू कुठे आहे, प्रत्यक्ष पाहायला मिळेल का?
मी उठून खिडकी उघडली.
बाहेर धुकं होतं,
पलीकडची तबकडीसुद्धा दिसत नव्हती.